एकशेसाठ मास्तर

मास्तरांना आजवर दोन टोपणनावे मिळाली. पहिले त्यांनी स्वतःच्या कर्तृत्वावर कमावले होते. दुसरे त्यांना आवडत होते.

पहिले नाव ‘उद्या मास्तर’. त्यांचे शिलाईचे दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्मेवाला आणि किल्लीवाला यांच्या मधोमध होते. पुढे कापायचे लांब टेबल, मागे दोन मशिनी, भिंतीला एक उंच आरसा, आणि कोपऱ्यात पडद्याआड कपडे घालून बघायला एवढीच जागा, की अंगाने भरलेला माणूस पँट चढवू लागला म्हणजे त्याचे कोपर भिंतीवर आपटल्याचा आवाज बाहेर यायचा. गिऱ्हाइकाची सावली दारात पडली की मास्तर मान वर न करता म्हणत, “उद्या या.” त्यात फसवण्याचा हेतू मुळीच नसे. उद्या नक्की होईल असे त्यांना दर वेळी मनापासून वाटे. एका नवरदेवाला थोरल्या भावाच्या कोटात लग्न उरकावे लागले. त्याचा स्वतःचा कोट त्याला मिळाला तेव्हा त्याचा मुलगा रांगायला लागला होता. तोवर कोटाची बटणे पोटावर लागेनात. मास्तरांनी तो सैल करायला परत ठेवून घेतला आणि म्हणाले, “उद्या या.”

घरीही तेच. बायकोचे जेवण होऊन ताट घासून व्हायचे, तेव्हा मास्तर तिसऱ्या घासावर असत. ती म्हणायची, “मशीन तरी पायाने चालवता, की तीही आपली आपणच कंटाळून चालते?”

पण मापाच्या बाबतीत मास्तर चोख होते, आणि त्यातही त्यांची एक खास रीत होती. टेप कमरेभोवती फिरवायची, खरा आकडा डोक्यात ठेवायचा आणि तोंडाने मात्र गिऱ्हाइकाला झेपेल तो आकडा पुकारायचा. बेचाळीस कंबर ‘अडतीस’ म्हणून पुकारली जाई. किडकिडीत माणसाची चौतीस छातीसुद्धा ‘अडतीस’ होऊन जाई. कापड कापले जाई ते डोक्यातल्या आकड्यावर, त्यामुळे कपडा अंगावर बसायचाही झकास. “माप कपड्याला खरं लागतं, माणसाला बरं लागतं,” असे मास्तर सांगत. हे वाक्य जुळवायला त्यांना किमान आठवडा लागला असणार, अशी चष्मेवाल्याची खात्री होती.

दुसऱ्या नावाची गोष्ट अशी. वीसेक वर्षांपूर्वी मास्तरांनी एक जुनी मोटार घेतली आणि त्याच सुमारास गावाबाहेरून नवा रुंद रस्ता झाला. रस्ता सरळसोट, काळाभोर, वाहने अगदी तुरळक. मास्तर आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कापडाचे तागे घेऊन परत येत होते. मेहुण्याचे पंखे दुरुस्तीचे दुकान. फिरणारी कुठलीही वस्तू बघितली की त्याला ती आणखी जोरात फिरवून बघावीशी वाटे. तो म्हणाला, “भाऊजी, एकदा दाबा की! मागे कोण नाही, पुढे कोण नाही. आणि ताई पण नाही.”

मास्तरांनी दाबले. जन्मभर एका टाक्यापुढे दुसरा टाका घालणारा हा माणूस. त्या दिवशी त्यांच्या पायाला काय झाले कोण जाणे. काटा शंभरावर गेला, एकशेवीसवर गेला, गाडीच्या काचा वाजू लागल्या, मागच्या सीटवरचे तागे खाली कोसळले, आणि काटा एकशेसाठच्या रेघेला टेकला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत आधी कुणाचा विश्वास बसेना. पण मेहुणा छातीवर हात ठेवून प्रत्येक दुकानात सांगत फिरला. आठवडा संपायच्या आत ‘उद्या मास्तर’ मागे पडले आणि ‘एकशेसाठ मास्तर’ झाले. कपडे तेवढ्याच उशिरा मिळत राहिले, पण आता उशीर झाला तर लोक म्हणत, “मनात आणलं तर काय करतील सांगता येत नाही, बाबा.” मास्तर मान खाली घालून खडूने रेघ मारत आणि गालात हसत. त्यानंतर त्यांनी गाडी पन्नासच्या वर कधी नेली नाही. गरजच काय होती?

सगळे सुरळीत चालले होते, आणि मग घरात जावई आला.

जावई गुणी मुलगा. फक्त त्याची नोकरी वाईट होती. तो वजनकाटे तपासायचा. दिवसभर या कारखान्यातून त्या कारखान्यात जायचे, काट्यावर खात्रीचे वजन ठेवायचे आणि काटा किती खोटे बोलतो ते बघायचे, हे त्याचे काम. अशा माणसाचा कुठल्याच काट्यावर विश्वास राहत नाही. मुलीला बघायला पहिल्यांदा घरी आला, तेव्हाही त्याने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग मनगटाकडे, आणि मग मुलीकडे. त्याच्या लग्नाचा सूट मास्तरांनीच शिवला होता, आणि चक्क लग्नाच्या आदल्या दिवशी दिला होता. मुलीने तीन महिने अबोला धरण्याची धमकी दिली होती म्हणून.

एका रविवारी मास्तर बायकोला आणि जावयाला घेऊन गाडीने निघाले. नव्या रस्त्याला लागल्यावर मास्तरांनी सवयीने गोष्ट सुरू केली. “इथेच, बरं का जावईबापू. या पुलाच्या अलीकडून दाबली ती...”

जावयाने खिशातून फोन काढून समोर धरला. “बाबा, जरा ऐंशीवर नेता का?”

“ऐंशी?” मागून बायको म्हणाली. “अरे, त्यांना सांगून ठेवायला हवं होतं काल.”

मास्तरांनी ऐंशीवर नेली. जावयाने एकदा काट्याकडे पाहिले, एकदा फोनकडे, आणि डॉक्टर एक्स-रे बघून म्हणतात तसे “हं” म्हणाला.

“काय हं?”

“काटा ऐंशी दाखवतोय. आपण चौऱ्याहत्तरनं चाललोय.”

“तुझा फोन बिघडला असेल.”

“फोन आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतो, बाबा. गाडीचा मीटर बिचारा रस्ता बघत नाही. तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात, आणि मीटरला वाटतं आपण भलतेच पळतोय. शिवाय बनवणारे मुद्दामच थोडा जास्त दाखवणारा मीटर बनवतात. कमी दाखवला आणि माणूस जास्त पळाला तर दोष त्यांच्यावर येणार ना!”

“म्हणजे शिवणीत माया ठेवतो आपण, तसं,” मास्तर म्हणाले. धंद्याची गोष्ट त्यांना लगेच कळे. शिवणीच्या आत जास्तीचे कापड सोडले की पुढे सैल करता येते. कमी सोडले की गिऱ्हाईक भांडायला येते. कळले, आणि कळल्याबरोबर त्यांनी गाडी पुन्हा पन्नासवर आणली. “म्हणजे एकशेसाठ...”

“त्या वेळी टायर कसे होते?”

टायर त्या वेळी टकल्याच्या डोक्यासारखे गुळगुळीत होते.

“एकशेपंचेचाळीस असेल फार तर,” जावई उत्साहाने म्हणाला. “कदाचित एकशेचाळीस.”

“म्हणजे वीस वर्षं मी विनाकारण इतकी चिडले?” बायको म्हणाली. “निम्मा राग परत घ्यायला हवा.”

संध्याकाळी मेहुण्याला बोलावून घेण्यात आले. साक्षीदार एकच होता. जावयाने त्याला खुर्चीत बसवले आणि विचारले, “मामा, काटा तुम्ही स्वतः बघितला होता?”

“म्हणजे काय! मी शेजारीच बसलो होतो.”

“एकशेसाठवर?”

“भाऊजी ओरडले ना, एकशेसाठ म्हणून!”

“ते ओरडले. तुम्ही काय बघितलं?”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिले, छताच्या पंख्याकडे पाहिले, आणि शेवटी कबूल केले, “शंभरानंतर मी डोळे मिटले होते.”

“सगळा वेळ?”

“गाडी थांबेपर्यंत. आणि थांबल्यावरही थोडा वेळ.”

घरात एवढे हसणे बऱ्याच दिवसांत झाले नव्हते. मास्तरही हसले. पण अशी गोष्ट घरात राहत नाही. मेहुण्यानेच ती चष्मेवाल्याला सांगितली असावी, कारण ज्याला गुपित पोटात ठेवता येत नाही त्याला कबुलीजबाब तरी कसा ठेवता येणार? दोन दिवसांनी मास्तर दुकानाचे शटर वर करत असताना चष्मेवाला पलीकडून ओरडला, “काय उद्या मास्तर, आज लवकर?”

वीस वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांचा हात शटरवर तसाच राहिला. त्या दिवशी त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

त्याच आठवड्यात दातांचे डॉक्टर पँटचे माप द्यायला आले. डॉक्टर गावातल्या मोटार क्लबचे सचिव, आणि देहाने क्लबमधल्या कुठल्याही मोटारीला भारी. मास्तरांनी टेप त्यांच्याभोवती फिरवली, मागे हात पोचेना म्हणून त्यांनाच वळसा घालून दुसरे टोक धरले, बेचाळीसचा आकडा डोक्यात ठेवला आणि पुकारले, “अडतीस!”

“अजून अडतीस?” डॉक्टर खूश झाले. “बायको म्हणते मी सुटलोय.”

“नजर असते एकेकाची,” मास्तर म्हणाले.

“बरं, तुमच्या एकशेसाठचं काय ऐकतोय मी? मास्तर, जुन्या धावपट्टीवर क्लबची वेगमापणी आहे पुढच्या महिन्यात. विमानं आता तिथं उतरत नाहीत, रस्त्यासारखी रहदारी नाही. एका वेळी एक गाडी. शेवटाला दोन खांब असतात. एकापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळ लागला ते यंत्र मोजतं आणि वेग सांगतं. तुमचा काटा नाही, जावयाचा फोन नाही. मी लाउडस्पीकरवर पुकारतो. घालू का नाव?”

मास्तरांनी तोंड उघडले ते ‘उद्या सांगतो’ म्हणायला. पण समोरच्या आरशात त्यांना पलीकडचा चष्मेवाला दिसला. तो दारात उभा राहून ऐकत होता.

“घाला,” मास्तर म्हणाले.

घरी बायकोला सांगितले तेव्हा तिने आधी भाजीखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, “नाव गेलं तर काय होईल? लोक उद्या मास्तर म्हणतील. मी लग्न केलं ते त्याच माणसाशी केलं होतं.”

“तुला कळायचं नाही ते.”

“नाही ना कळत. पण ते टायर बदला. आणि पट्टा बांधा. आणि माझ्या भावाला शेजारी बसवू नका.”

भावाला बसवायची सोयच नव्हती. क्लबच्या नियमाप्रमाणे गाडीत एकटाच चालक, डोक्याला हेल्मेट, अंगाला पट्टा, आणि चारही टायर नवे हवेत. मास्तरांनी नवे टायर बसवले. बसवून झाल्यावर गॅरेजमध्येच त्यांच्या लक्षात आले, की आता चाक मोठे झाले म्हणजे मीटरची जुनी उदारता आणखी कमी होणार. त्यांनी गॅरेजवाल्याला हळूच विचारले, “जुने झिजलेले चालणार नाहीत का?” गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे असे पाहिले, की त्यांनी पुढे विचारले नाही.

वेगमापणीच्या दिवशी धावपट्टीच्या कडेला अर्धी गल्ली आली होती. चष्मेवाला दुर्बीण घेऊन आला होता. किल्लीवाल्याने दुकान बंद ठेवले होते, म्हणजे कुलपे अडकलेल्या लोकांचे काय झाले असेल देव जाणे. शेवटच्या खांबांजवळ एका टेबलावर ते यंत्र, त्यामागे खुर्चीत डॉक्टर, आणि डॉक्टरांच्या खुर्चीमागे जावई. यंत्र दिसले की त्याला लांब राहवत नसे. सकाळपासून तो त्याभोवती घुटमळत होता. “चोख आहे,” त्याने सासऱ्याला येऊन सांगितले. “हे खोटं बोलणार नाही.”

“वा,” मास्तर म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

आधीच्या चार गाड्या तरुण पोरांच्या होत्या. त्या भुर्रकन गेल्या आणि लाउडस्पीकरवरून मोठे आकडे आले. मग मास्तरांची पाळी आली. हेल्मेट उसने होते, दोन बोटे मोठे. त्यात त्यांचे डोके डब्यातल्या सुपारीसारखे हलत होते. झेंडा पडला आणि मास्तर निघाले.

या वेळी गाडीत कोणी ‘दाबा की’ म्हणणारे नव्हते. मास्तरांनी दाबले ते स्वतःच. शंभरापर्यंत गाडी शहाण्यासारखी गेली. एकशेवीसला काचा वाजू लागल्या, अगदी जुन्या ओळखीच्या सुरात. एकशेतीस. पट्टीवरच्या पांढऱ्या रेघा टीप मारल्यासारख्या पायाखाली शिरत होत्या. पाय शेवटपर्यंत खाली होता, त्याहून खाली जायला गाडीत जागाच नव्हती. एकशेचाळीस. दूर खांब दिसू लागले, मोठे झाले. एकशेबेचाळीस. काटा तिथे थरथरत उभा राहिला, दारात आलेल्या पाहुण्यासारखा. आत येईना आणि परत जाईना. मास्तर मोठ्याने म्हणाले, “ये की रे.” नाही आला. खांब मागे गेले.

मास्तरांनी हळूहळू वेग कमी केला. जो काटा नेहमी जास्तच सांगतो, त्यानेच एकशेबेचाळीस म्हटले, तर यंत्र काय म्हणणार? एकशेपस्तीस? त्यांना चष्मेवाल्याचा आवाज आतापासून ऐकू येऊ लागला. उद्या मास्तर. बाकीच्या आयुष्यभर उद्या मास्तर.

लाउडस्पीकर खरखरला. डॉक्टर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांचा आवाज आला, धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ठणठणीत:

“एकशेसाठ!”

गल्लीने आरोळी ठोकली. किल्लीवाल्याने टोपी उडवली, ती परत सापडली नाही. मेहुणा उघड्या डोळ्यांनी नाचत होता. चष्मेवाला पुढे येऊन म्हणाला, “मास्तर, मानलं. एकशेसाठ मास्तर ते एकशेसाठ मास्तर.” आणि जावई धावत आला, हात जोडून म्हणाला, “बाबा, मी हरलो. माझा हिशेब चुकला.”

मास्तर हेल्मेट काढून त्याच्याकडे बघत राहिले. ज्याचा कुठल्याच काट्यावर विश्वास नाही, तो सकाळपासून त्या यंत्रामागे उभा होता. आणि लाउडस्पीकरवरचा तो सूर तर त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता. तीस वर्षे टेप हातात धरून ते स्वतः त्याच सुरात पुकारत आले होते.

गर्दी पांगल्यावर ते डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. डॉक्टर वायरी गुंडाळत होते.

“डॉक्टर, खरा आकडा काय आला?”

“पुकारला ना मी.”

“पुकारलेला नको. माझ्या काट्यानंच एकशेबेचाळीस दाखवला होता. तो माझ्या बाजूचा आहे, तरी.”

डॉक्टरांनी वायर खाली ठेवली. “आकडा बघून मी अडखळलोच होतो. तुमच्या जावयाकडे बघितलं. तर तो कानात म्हणाला, ‘डॉक्टर, माझ्या सूटचं माप घेताना यांनी घरच्या सगळ्यांसमोर माझी छाती अडतीस पुकारली होती. ती चौतीस आहे, मी स्वतः मोजलीय. पण त्या दिवसापासून मी जरा ताठ चालतो.’”

मास्तर टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, कापड तपासतात तसा.

“तरी तुम्हाला खरा आकडा हवाच असेल तर सांगतो,” डॉक्टर म्हणाले. “फक्त आधी एक सांगा. माझी कंबर किती?”

मास्तरांनी डॉक्टरांकडे वरून खाली पाहिले. पँटचा पट्टा शेवटच्या भोकात होता, आणि ते भोकही घरी पाडलेले दिसत होते.

“अडतीस,” मास्तर म्हणाले.

“मग एकशेसाठ,” डॉक्टर म्हणाले आणि वायर पुन्हा गुंडाळू लागले. “पँट कधी मिळेल?”

“उद्या या.”

परतीच्या वाटेवर गाडीत बायको पुढे बसली, जावई मागे. एक दुधाची गाडी हॉर्न वाजवत त्यांना ओलांडून गेली, मग एक स्कूटर, मग सायकलीवरची दोन पोरेसुद्धा उतारावर पुढे गेली.

“मी त्या खांबापाशीच उभी होते,” बायको म्हणाली. “आधीच्या गाड्या गेल्या त्यांचा रंगसुद्धा कळला नाही. तुम्ही आलात तेव्हा मला तुमचा चेहरा नीट दिसला. काहीतरी बोलत होतात.”

“काट्याशी बोलत होतो.”

“वाटलंच. माझ्याशी तर गाडीत कधी बोलत नाही.” तिने पदराने समोरच्या काचेवरची धूळ पुसली. “आता ती गोष्ट दर पाहुण्याला सांगणार का पुन्हा?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “कुणी विचारलं तर तुझा भाऊ सांगेल. त्यानं आता निदान डोळ्यांनी बघितलेलं आहे.”

बायको हसली आणि मीटरकडे वाकून बघू लागली. “किती दाखवतोय हा आत्ता?”

“चाळीस.”

“आणि खरं किती?” तिने मान वळवून जावयाला विचारले. “तुझा फोन काय म्हणतोय, रे?”

जावई खिडकीबाहेर बघत होता. फोन त्याच्या खिशातच होता आणि त्याने तो काढलाही नाही.

“चाळीसच, आई,” तो म्हणाला. “अगदी बरोबर चाळीस.”